पेन दुइकचा खलाशी

१२ जून १९९८. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेला फ्रान्समध्ये नुकतीच सुरुवात झाली होती. त्या रात्री मार्सेच्या मैदानावर यजमान संघाने दक्षिण आफ्रिकेचा ३-० असा पराभव केला आणि फ्रान्सच्या गावागावांत लोक रस्त्यावर उतरले. त्याच रात्री वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर, आयरिश समुद्रात, शंभर वर्षांपूर्वी बांधलेली एक शिडाची नौका उत्तरेकडे चालली होती. नौकेवर पाच माणसे होती. वारा वाढल्याने मोठे शीड उतरवून त्याजागी लहान वादळी शीड चढवण्याचे काम सुरू होते. हे काम त्या नौकेच्या कप्तानाने आयुष्यात किती वेळा केले असेल याची गणती नाही. लाटेने नौका कलंडली, शीड तोलून धरणारा जड लाकडी वासा अंधारात झोकांडला आणि आदळला. ६६ वर्षांचा कप्तान काठावरून पाण्यात फेकला गेला. त्याच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता, अंगात तरंगणारे जाकीटही नव्हते.

दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या जल्लोषात असलेल्या फ्रान्सला बातमी कळली, की एरिक ताबार्ली बेपत्ता आहेत. शिडाच्या नौकांशी ज्यांचा कधी संबंध आला नव्हता, अशा लाखो फ्रेंच माणसांना ती आपल्या घरातली बातमी वाटली. आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. शिडाची शर्यत म्हणजे गेटवेसमोर रविवारी सकाळी दिसणारी पांढरी शिडे आणि ती हाकणारी क्लबातली मंडळी, एवढीच मुंबईकराची ओळख. फ्रान्समध्येही १९६४ पर्यंत चित्र फार वेगळे नव्हते. ते ज्या एका माणसामुळे बदलले, त्याची ही कहाणी आहे आणि ती त्याच्या नौकेपासून सुरू करणे भाग आहे.

ती नौका ताबार्ली यांच्यापेक्षा ३३ वर्षांनी मोठी. स्कॉटलंडमधील फेअर्ली गावच्या विल्यम फाईफ या नामांकित नौकारचनाकाराने तिचा आराखडा काढला आणि १८९८ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क बंदराजवळ ती बांधली गेली. लांबी पंधरा मीटर, रुंदी जेमतेम तीन मीटर. सुरीच्या पात्यासारखी अरुंद आणि देखणी. मालक बदलत गेले, तशी नावेही बदलत गेली. फिरत फिरत ती फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात आली. तेथे तिला पेन दुइक हे नाव मिळाले. ब्रेटन भाषेत या शब्दांचा अर्थ काळ्या डोक्याचा. काळ्या टोपीच्या एका चिमुकल्या रानपाखराचे ते नाव. १९३८ मध्ये गी ताबार्ली यांनी ती विकत घेतली, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा एरिक सात वर्षांचा होता. नान्त शहरात २४ जुलै १९३१ रोजी जन्मलेला हा मुलगा तिसऱ्या वर्षापासून वडिलांबरोबर शिडाच्या नौकेत बसत होता. पेन दुइक घरी आली आणि त्याला दुसरे काही सुचेनासे झाले.

पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला आणि पेन दुइक बेनोदे गावाजवळच्या खाडीच्या चिखलात पडून राहिली. युद्ध संपले तेव्हा तिच्या फळ्या कुजू लागल्या होत्या. दुरुस्तीला पैसे नव्हते. वडिलांनी नौका विक्रीला काढली, पण सडक्या लाकडाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? गिऱ्हाईक न मिळणे हे फ्रेंच क्रीडा इतिहासावर उपकार ठरले, असे म्हणावे लागेल. शेवटी १९५२ मध्ये वडिलांनी ती मुलाच्या नावे केली. लाकूड गेले आहे, दुरुस्तीचा नाद सोड, असे बजावूनच.

एरिक यांनी नाद सोडला नाही. नौकेसाठी पैसा हवा, म्हणून त्यांनी नौदलाच्या हवाई शाखेत नाव नोंदवले. मोरोक्कोत वैमानिकाचे प्रशिक्षण झाले, नंतर इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये, नेमणूक झाली. युद्धभूमीवरचा पगार घरच्यापेक्षा बरा असतो; तो साठवला गेला. परत आल्यावर ला त्रिनिते-सूर-मेर या बंदरातील कोस्तान्तिनी बंधूंच्या कारखान्यात नौका ओढून आणली, तेव्हा वडिलांचे म्हणणे खरे ठरले. लाकडात जीवच उरला नव्हता. एक एक फळी बदलायची, तर नवी नौका बांधण्याइतका खर्च आला असता.

ताबार्ली यांनी जे केले, त्यात त्यांचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो. काचतंतू आणि पॉलिस्टर यांच्या नौका तेव्हा नुकत्याच बनू लागल्या होत्या, त्याही लहान. त्यांनी पेन दुइकचा कुजका सांगाडाच साचा म्हणून वापरायचे ठरवले. नौका उलटी केली, तिच्या अंगावर काचतंतूंचे कापड आणि रसायनाचे थर चढवले. बरेचसे काम स्वतःच्या हातांनी. थर वाळून कडक झाले, की आतले लाकूड काढून टाकायचे. मग जुन्या नौकेचे जे काही धड उरले होते ते नव्या कवचावर बसवायचे. एवढ्या आकाराचे पॉलिस्टरचे कवच तोवर कोणी फारसे पाहिले नव्हते. १९५९ मध्ये पेन दुइक पुन्हा पाण्यात उतरली. मूळचे लाकूड गेले, पण फाईफने काढलेली रेषा अन् रेषा तशीच राहिली. ही नौका जुनी म्हणायची की नवी, हा वाद तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी घालावा. ताबार्ली यांच्या लेखी ती तीच होती.

दरम्यान ते नौदलाच्या अधिकारी प्रशालेत दाखल झाले होते. शिक्षण झाले, हुद्दा मिळाला, नोकरी स्थिर झाली. तेवढ्यात कानावर आली ती अटलांटिकची शर्यत.

इंग्लंडमधील प्लिमथहून अमेरिकेपर्यंत, एका नौकेवर एकच माणूस, अशी ही शर्यत १९६० मध्ये सुरू झाली. पहिल्या वेळी पाचच स्पर्धक होते आणि फ्रान्सिस चिचेस्टर हे इंग्रज गृहस्थ ४० दिवसांत ती जिंकले होते. चार वर्षांनी होणाऱ्या दुसऱ्या शर्यतीत उतरायचे, असे ताबार्ली यांनी ठरवले. उत्तर अटलांटिकचा हा मार्ग पश्चिमेकडे जातो आणि वारे बहुतांशी पश्चिमेकडूनच येतात. म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार किलोमीटर वाऱ्याच्या तोंडाशी भांडत जायचे. एकट्या माणसाने लहान नौका घ्यावी, मोठी त्याला झेपणार नाही, असा तेव्हाचा समज होता. ताबार्ली यांचा हिशेब निराळा होता. नौका जितकी लांब तितकी ती वेगवान. तेव्हा लांबी हवीच, पण वजन नको. हलकी नौका थोड्या शिडावरही पळते आणि शीड थोडे असले, की ते एका माणसाला आवरते. शिवाय शिडाचा पसारा एकाऐवजी दोन डोलकाठ्यांवर वाटला, तर प्रत्येक शीड आणखी लहान होते. या विचारातून समुद्री प्लायवूडची, १३.६० मीटर लांबीची, अवघ्या साडेसहा टनांची पेन दुइक-२ कोस्तान्तिनींच्या कारखान्यात आकाराला आली. आत बसून चहूकडे पाहता यावे म्हणून छतावर एका जुन्या सागरी विमानाचा पारदर्शक घुमट बसवला होता. पैसा बेताचा, वेळ त्याहून बेताचा. शर्यतीच्या थोडेच दिवस आधी नौका तयार झाली.

२३ मे १९६४ रोजी पंधरा नौका निघाल्या. आठवड्याभरात ताबार्ली यांचे स्वयंचलित सुकाणू मोडले. एकट्याच्या शर्यतीत हे यंत्र म्हणजे दुसरा खलाशी. वाऱ्याच्या दिशेवरून नौका आपोआप वळवत राहायचे आणि माणसाला झोपू द्यायचे, हे त्याचे काम. ते नसेल तर झोप नाही, स्वयंपाक नाही, नकाशा पाहायलाही उसंत नाही. माघारी फिरण्याजोगे कारण होते. ते फिरले नाहीत. नौकेचा तोल शिडांच्या ताणावरच असा साधायचा, की ती थोडा वेळ तरी सरळ जाईल, आणि तेवढ्यात तासा-दीड तासाची झोप घ्यायची, असे सुमारे तीन आठवडे चालले. २७ दिवस ३ तास ५६ मिनिटांनी ते न्यूपोर्टला पोहोचले. आपण कितवे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मागे वळून पाहिले तर कोणीच नव्हते. चिचेस्टर यायला अजून जवळजवळ तीन दिवस होते.

या विजयाचा फ्रान्सवर काय परिणाम झाला, हे समजून घेण्यासाठी त्या काळाकडे पाहायला हवे. इंडोचायना गेले होते, १९६२ मध्ये अल्जीरियाही गेला होता. देशाचा आत्मविश्वास दुखावला होता. समुद्र ही तर इंग्रजांचीच मालमत्ता, हे ट्रफाल्गरपासून चालत आलेले शल्य. अशात एका अबोल नौदल अधिकाऱ्याने इंग्रजांच्या बंदरातून निघून, इंग्रजांनीच काढलेल्या शर्यतीत, त्यांच्याच विजेत्याला मागे टाकले. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी ताबार्ली यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. वृत्तपत्रांनी पहिली पाने दिली. राष्ट्रीय नायकाला शोभेल असे काहीतरी बोलावे, अशी सगळ्यांची अपेक्षा असताना हा नायक मात्र मुलाखतीत एका शब्दाचे उत्तर देऊन गप्प बसे. त्यामुळे तो अधिकच लोकप्रिय झाला. नौदलाने शहाणपणा दाखवला आणि त्यांना शर्यतींसाठी मोकळे ठेवले. सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुण खलाशी त्यांच्या नौकेवर नेमले जाऊ लागले.

पुढची दहा-बारा वर्षे पेन दुइक हे नाव क्रमांक बदलत समुद्र गाजवत राहिले. ताबार्ली एक शर्यत मनात धरत, तिच्यासाठी नौका रचत, ती शर्यत झाली की पुढच्या नौकेचा विचार. अॅल्युमिनियमची पेन दुइक-३ ही १९६७ च्या मोसमात फास्टनेटसह एकामागून एक शर्यती जिंकत गेली आणि वर्षअखेरीस सिडनी-होबार्ट शर्यतीत अंतिम रेषा सर्वांआधी ओलांडून आली. तिची शिडांची मांडणी मोठी चतुर होती. निरनिराळ्या आकारांच्या नौकांना समान पातळीवर आणण्यासाठी शिडाच्या क्षेत्रफळावरून सूट-वजावट ठरते. दोन डोलकाठ्यांच्या मधल्या जागेतले शीड त्या सूत्रात पुरते मोजलेच जात नव्हते. ताबार्ली यांनी नियमपुस्तक वाचले आणि ती जागा शिडाने भरून टाकली. नंतर नियम बदलण्यात आले. नियम बदलायला लावणारा खेळाडू हा एक वेगळा वर्ग असतो. ताबार्ली त्यातले होते.

सगळेच काही जमून आले, असे मात्र नाही. १९६८ च्या अटलांटिक शर्यतीसाठी त्यांनी तीन सांगाड्यांची, म्हणजे मधे मुख्य नौका आणि दोन्ही बाजूंना आधाराचे तरंगते हात असलेली, वीस मीटरहून लांब ट्रायमरान बांधली. दर्यावर्दींनी नाके मुरडली. पहिल्याच रात्री ती एका मालवाहू जहाजावर आदळली. दुरुस्त करून पुन्हा निघाले, पुन्हा बिघाड झाला आणि शर्यत सोडावी लागली. पण ती पेन दुइक-४ चुकीची नव्हती, घाईची होती. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस-होनोलुलू शर्यतीच्या वेळी, स्पर्धक म्हणून प्रवेश नसताना, ती सोबत निघाली आणि साऱ्या अधिकृत नौकांना मागे टाकून पोहोचली. आज महासागर ओलांडण्याचे शिडाचे विक्रम बहुसांगाडी नौकांच्याच नावे आहेत.

१९६९ साली सान फ्रान्सिस्को ते टोकियो अशी एकट्याने पॅसिफिक ओलांडण्याची शर्यत झाली. तिच्यासाठी बांधलेली पेन दुइक-५ जेमतेम साडेदहा मीटरची होती, पण तिच्या पोटात एक नवी कल्पना होती. दोन्ही कुशींत पाण्याच्या टाक्या. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची टाकी भरली, की नौका कमी कलते आणि जास्त शीड पेलते. दिशा बदलायची वेळ आली, की पाणी पलीकडच्या टाकीत सोडायचे. दहा खलाशी एका काठावर बसून जे काम करतात, ते समुद्राचे पाणी फुकटात करते. ३९ दिवस १५ तासांत त्यांनी टोकियो गाठले. दुसरा स्पर्धक यायला दहाहून अधिक दिवस लागले. ही युक्ती आता महासागरी शर्यतींत इतकी रुळली आहे, की ती कोणाची, हेही कोणी विचारत नाही.

येथे एक आठवण मुंबईकरांसाठी. ताबार्ली टोकियोला पोहोचले तो एप्रिलचा शेवटचा पंधरवडा. त्याच सुमारास, २२ एप्रिल १९६९ रोजी, जगाच्या दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या फालमथ बंदरात ‘सुहैली’ नावाची नौका शिरली आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी ठरले. ती सुहैली मुंबईत, इथल्या सुतारांनी सागवानात बांधलेली. एकीकडे ताबार्ली यांची अॅल्युमिनियमची, पाण्याच्या टाक्यांची नवलाई, तर दुसरीकडे आपल्या सुतारांची ३१२ दिवस टिकलेली सागवानी चिवटाई.

सत्तरच्या दशकात शर्यतींना पृथ्वीचा परीघ अपुरा पडू लागला. १९७३ मध्ये पहिली व्हिटब्रेड जागतिक शर्यत सुरू झाली आणि तिच्यासाठी ब्रेस्टच्या नौदल गोदीत २२ मीटरची पेन दुइक-६ बांधण्यात आली. नौकेचा तोल राखणारे तळाचे वजन सहसा शिशाचे असते. येथे त्याऐवजी वापरलेल्या युरेनियमचा म्हणजे अणुउद्योगातून उरलेल्या धातूचा कणा बसवला गेला. शिशापेक्षा तो सुमारे पावणेदोन पट जड, त्यामुळे तेवढेच वजन कमी जागेत आणि अधिक खोल बसते. नौका सर्वांत वेगवान होती, पण डोलकाठी पहिल्याच टप्प्यात मोडली. नवी डोलकाठी लष्करी विमानाने रिओला पोहोचवण्यात आली. सिडनीनंतर तीही मोडली आणि विजयाची आशा संपली. शर्यत जिंकली ती एका मेक्सिकन उद्योगपतीने, ज्याला महासागरी शर्यतींत कोणी ओळखतही नव्हते. पुढच्या शर्यतीपासून युरेनियमच्या कण्याला बंदी झाली. तो धातू नौकेत बसवणे कितपत योग्य होते, हा प्रश्न आज विचारला जाईल. तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

आणि मग १९७६. ताबार्ली यांच्या कारकिर्दीतील हे प्रकरण थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात दोन माणसे आहेत.

दुसऱ्याचे नाव अॅलन कोला. ताबार्ली यांच्याच नौकेवर खलाशी म्हणून घडलेला हा तरुण. त्याने गुरूकडून पेन दुइक-४ विकत घेतली, १९७२ ची अटलांटिक शर्यत तिच्यावर जिंकली, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणाही केली. १९७५ मध्ये नांगराच्या दोरात सापडून त्याच्या उजव्या पायाचे पाऊल जवळजवळ तुटले. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून ते वाचवण्यात आले. रुग्णालयात असतानाच त्याने पुढच्या शर्यतीसाठी नौका आखली : चार डोलकाठ्यांची, ७२ मीटर लांबीची ‘क्लब मेडिटरेनी’. एका माणसासाठी ७२ मीटर! ताबार्ली यांच्याकडे नवी नौका बांधायला पैसे नव्हते. त्यांनी चौदा-पंधरा खलाशांसाठी बांधलेली पेन दुइक-६ एकट्याने न्यायचे ठरवले. जाणकारांनी दोघांनाही वेड्यात काढले.

५ जून १९७६ रोजी प्लिमथहून १२५ नौका सुटल्या. त्या वर्षी अटलांटिकने दया दाखवली नाही. पश्चिमेकडून एकामागून एक पाच वादळे आली. किती तरी नौका फुटल्या, कित्येकांनी माघार घेतली, दोन स्पर्धक कधीच परतले नाहीत. ताबार्ली यांचे स्वयंचलित सुकाणू पुन्हा बंद पडले. १९६४ ची गोष्ट वेगळी होती. तेव्हा नौका साडेसहा टनांची होती आणि ते ३२ वर्षांचे. आता ४४ वर्षांच्या माणसाला पंधरा जणांची शिडे रात्रंदिवस एकट्याने चढवायची-उतरवायची होती. शर्यतीच्या मध्यावर थकवा असा आला, की त्यांनी नाळ फ्रान्सकडे वळवली. ते परत निघाले होते. मग वारा पडला, थोडी झोप मिळाली. जागे झाल्यावर त्यांनी विचार केला आणि नौका पुन्हा पश्चिमेकडे फिरवली. ताबार्ली यांच्या कारकिर्दीतील विजयांची यादी लांब आहे. तीत या वळणाला जागा नाही. माझ्या मते त्यांनी केलेले सर्वांत अवघड काम तेच.

रेडिओवरून त्यांनी काहीच कळवले नव्हते. आठवड्यांमागून आठवडे गेले, फ्रान्समध्ये काळजी वाढत गेली. कोला रोज संपर्कात होता, तुटलेले दोर दुरुस्त करण्यासाठी न्यूफाउंडलंडला थांबला होता, तरी तोच पहिला येणार असे सर्वांनी धरले होते. २९ जून रोजी धुक्यातून न्यूपोर्टसमोर एक काळी नौका प्रकट झाली. ती पेन दुइक-६ होती. २३ दिवस २० तास १२ मिनिटे. आपण पहिले आलो आहोत, हे ताबार्ली यांना तेथे पोहोचल्यावर कळले. सात तासांनी कोला आला. पुढे, वाटेत मदत घेतल्याबद्दल त्याच्या वेळेत दंड मिळवण्यात आला आणि तो पाचव्या क्रमांकावर गेला. दुसरा क्रमांक मिळाला तो जेमतेम साडेनऊ मीटरच्या एका चिमुकल्या ट्रायमरानला, जी ताबार्ली यांच्यानंतर एका दिवसाने पोहोचली होती. मोठ्या नौकांच्या युगाची अखेर तिथेच दिसली होती. पॅरिसमध्ये शाँझेलीझेवरून ताबार्ली यांची मिरवणूक निघाली. गर्दीत अवघडून गेलेल्या त्या चेहऱ्यावरचे भाव त्या वेळच्या चित्रफितींत आजही पाहता येतात.

कोलाचे पुढे काय झाले? १९७८ च्या रूट द्यू रुम शर्यतीत तो आपल्या जुन्या ट्रायमरानवर, म्हणजे एके काळच्या पेन दुइक-४ वर, निघाला. अझोर्स बेटांजवळ वादळ होते. त्यानंतर ना तो सापडला, ना नौका.

या खेळात जाहिरातीचा पैसा येऊ लागला आणि नौकांना पेये आणि चॉकलेटची नावे मिळाली, तशी पेन दुइक या नावाची मालिका थांबली. ताबार्ली थांबले नाहीत. नौका पाण्यातून वर उचलली गेली तर पाण्याचा अडसर उरणार नाही, हे त्यांच्या मनात फार दिवस घोळत होते. विमानाच्या पंखासारखे पाते पाण्याखाली बसवायचे. वेग वाढला, की ते नौकेला वर रेटते. ‘पॉल रिकार’ या ट्रायमरानवर त्यांनी हे पंख लावले. नौका अॅल्युमिनियमची, त्यामुळे जड. पूर्ण उडणे तिला जमले नाही. पण ऑगस्ट १९८० मध्ये ती न्यूयॉर्कहून युरोपच्या टोकाला १० दिवस ५ तास १४ मिनिटांत आली आणि चार्ली बार या कप्तानाचा १९०५ पासून अबाधित असलेला १२ दिवसांचा विक्रम मोडला. आज पाण्यावरून अक्षरशः उडणाऱ्या अमेरिका चषकाच्या नौका पाहताना ती जड पूर्वज आठवते. आदल्याच वर्षी, लोरियाँ-बर्म्युडा-लोरियाँ शर्यतीत, हीच नौका पहिल्या क्रमांकाला मुकली होती. अटलांटिकची ये-जा करून फरक पडला अवघ्या ५ मिनिटे ४२ सेकंदांचा.

त्यांच्या हाताखाली घडलेल्यांची नावे घ्यावीत, तर तीच फ्रेंच नौकानयनाची वंशावळ होते : ऑलिव्हिए द केर्सोझों, मार्क पाजो, फिलिप पूपों, तितुआँ लामाझू, जाँ ल काम, मिशेल देज्वायो. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा घालण्याच्या वाँदे ग्लोब शर्यतीचा पहिला विजेता लामाझू. ती दोनदा जिंकणारा देज्वायो. ताबार्ली त्यांना शिकवत नसत. ते काम करत आणि बाकीच्यांनी पाहायचे असे. चूक झाली तर ओरडणे नाही; कप्तान स्वतः उठून ते काम मुकाट्याने नीट करी. त्या मुकाटपणाची लाज ओरडण्यापेक्षा जास्त वाटे, असे त्या पिढीतले खलाशी सांगत आले आहेत.

मधल्या काळात संसार झाला. पत्नी जॅकलिन, १९८४ मध्ये जन्मलेली मुलगी मारी आणि ब्रिटनीत ओदे नदीच्या काठी घर. मूळची पेन दुइक थकली होती. तिची पुन्हा एकदा मुळापासून डागडुजी झाली आणि १९८९ मध्ये ती पाण्यात उतरली. १९९७ मध्ये, ६६ व्या वर्षी, ताबार्ली यांनी तरुण इव्ह पार्लिए यांच्या जोडीने झाक वाब्र ही अटलांटिक शर्यत जिंकली. तो त्यांचा अखेरचा मोठा विजय.

१९९८ च्या मे महिन्यात पेन दुइकला शंभर वर्षे झाली. बेनोदेला, जिथल्या चिखलात ती युद्धात रुतली होती त्याच परिसरात, तिचा वाढदिवस साजरा झाला. पाचही पेन दुइक एकत्र आल्या. कोलाबरोबर गेलेली तेवढी नव्हती. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये फाईफच्या नौकांचा मेळावा होता, फाईफच्या फेअर्ली गावी. नौका आपल्या जन्मदात्याच्या गावी निघाली होती.

त्या रात्री काय झाले, ते सुरुवातीला सांगितले आहे. पाठीमागे उरलेल्या चौघांनी तरंगते कडे फेकले, नौका फिरवली, अंधारात शोधले. जुनी, जड शिडांची नौका वादळी वाऱ्यात चटकन फिरत नाही. दूरवर हाक पोहोचेल असा रेडिओ जहाजावर नव्हता. अग्निबाण उडवले, ते कोणाला दिसले नाहीत. सकाळी दुसरी एक शिडाची नौका भेटली आणि तिच्यामार्फत किनाऱ्याला निरोप गेला. तोवर बराच उशीर झाला होता. जुलै महिन्यात, पाच आठवड्यांनी, एका मासेमारी नौकेच्या जाळ्यात त्यांचा देह सापडला.

पट्टा का बांधला नाही, यावर फ्रान्समध्ये बरेच दिवस लिहिले-बोलले गेले. उत्तर गूढ नाही. पट्टा कामात अडखळतो, त्याची सवय लागली की पाय सावध राहत नाहीत, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपवले नव्हते. एकट्याने महासागर ओलांडणाऱ्या माणसाचे हे मत चुकीचे ठरायला एकच रात्र पुरली. ज्यांनी त्यांना देव मानले, त्यांनी या मृत्यूलाही भव्यता दिली : खलाशाला समुद्रानेच नेले वगैरे. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाजूने पाहिले, तर त्यात भव्य काही नव्हते. दोन हात लांबीची दोरी कमरेला असती, तर तिचे वडील घरी आले असते.

ती मुलगी, मारी ताबार्ली, पुढे स्वतः महासागरी खलाशी झाली. पहिल्या व्हिटब्रेड शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये जुन्या पद्धतीची, उपग्रहांच्या मदतीविना जगप्रदक्षिणा करण्याची ओशन ग्लोब शर्यत भरवण्यात आली. मारी पेन दुइक-६ घेऊन उतरली. वडिलांची डोलकाठी ज्या शर्यतीत दोनदा मोडली, तिच्याच या नव्या आवृत्तीत तीच नौका एप्रिल २०२४ मध्ये सर्वांआधी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. वेळेच्या सूट-वजावटीनंतर एकूण विजेतेपद गेले ते ‘मेडन’ या सर्व महिलांच्या नौकेकडे. तिच्यावर भारतीय नौदलातील माजी अधिकारी पायल गुप्ता होत्या.

लोरियाँ बंदरात, जुन्या पाणबुडी तळाच्या आवारात, २००८ मध्ये ताबार्ली यांच्या नावाने शिडाच्या नौकांचे संग्रहालय उघडले. त्याच्या धक्क्यावर पेन दुइक बांधलेल्या दिसतात, पण त्या केवळ पाहायच्या वस्तू नाहीत. ऋतू बरा असला, की जुनी पेन दुइक आजही बाहेर काढली जाते आणि काळ्या रंगाचे ते अरुंद कवच, फाईफने १८९८ मध्ये आखलेले आणि ताबार्ली यांनी स्वतःच्या हातांनी थर चढवून पुन्हा घडवलेले, वाऱ्यावर कलून चालू लागते.